डुलकी

औलूत दुपारी तीनलाच अंधार.
लॅपटॉपचं पोट उघडं टाकून एरिका बसलीय.
आतलं वायफायचं कार्ड
काम नसलं की डुलकी घेतं, तेवढीच वीज वाचते.
हाकेसरशी उठायचं, एवढाच करार.

हे उठत नाही.
वाचावं ते रजिस्टर : एफ एफ एफ एफ
म्हणजे पलीकडे कुणी नाही.

सातव्या रात्री ड्रायव्हरमध्ये ती एक ओळ लिहिते :
या चिपची झोप बंद.
बॅटरी चाळीस मिनिटं आधी संपेल.
संपू दे.

मग पहाटे चारला
केमीत एकट्या राहणाऱ्या बापाला फोन लावते.
सहावी रिंग. सातवी.
"हं," आर्वोचा घोगरा आवाज, "काय झालं?"
"काही नाही," ती म्हणते,
"झोप आता."