मागचा ब्रेक

ब्लायनायमध्ये छपराला पाटीचा दगड,
कुंपणाला तोच, थडग्यालाही तोच.
त्यातलीच एक लादी मार्चमध्ये खाणीत घसरली
आणि इथेलच्या डाव्या गुडघ्यामागची नस चेपून गेली.

पाऊल तेव्हापासून लोंबतंय.
उचल म्हटलं तर उचलत नाही,
दाब म्हटलं तर दाबत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस परत वाढते,
रोज एक मिलिमीटर.
वाढली तर.

वडिलांची बीएसए एकसष्ट सालची.
गिअर उजव्या पायात, मागचा ब्रेक डाव्या पायात.
तेव्हाची तऱ्हाच तशी.
इथेल म्हणाला, विकून टाक मेरेरिड,
नुसत्या पुढच्या ब्रेकवर खिंड उतरवत नाहीत.
मी म्हटलं, अंगठा आहे ना शाबूत?

मग लागले कामाला.
चाक काढलं, ड्रम उघडला,
आत साठ वर्षांची काळी भुकटी.
ती फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची.
धूळ छातीत गेली की काय होतं
ते या गावाला शिकवावं लागत नाही.

पायात अख्ख्या माणसाचं वजन असतं,
अंगठ्यात काय, बटण दाबण्याइतकी ताकद.
म्हणून कॅमची तरफ लांब केली,
पाच अष्टमांश इंच.
जोर वाढला, तशी चालही वाढली.
फुकट काही मिळत नाही, तरफेलासुद्धा.
मधला लोखंडी गज सोडवला, तिथे केबल ओढली,
आणि क्लचच्या मुठीखाली
लेथवर घडवलेला छोटा पितळी दांडा.
दोनदा चुकला. तिसरा बसला.

क्लबातला हेवीन येऊन उभा राहिला,
हात खिशात, चेहरा सुतकी:
मूळ गाडीला हात लावू नये गं.
मी त्याला बिस्किटांचा डबा दाखवला.
काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक पिन त्यात.
चौकटीला एकही भोक पाडलेलं नाही,
म्हटलं, इथेलचा पाय परत आला
की गाडीही एका दुपारी परत येईल.
हेवीननं एक बिस्किट मागितलं. नव्हतं.

पेडल मात्र तसंच राहू दिलं.
लोंबता पाय ठेवायला कुठेतरी जागा हवी.
मागच्या लाल दिव्याची तारही अजून त्यालाच जोडलेली,
अंगठ्याकडे आणायची होती, मंगळवारी आणू म्हटलं.
तोवर हात दाखव, मी मागून व्हॅन घेऊन येते.

पहिल्या उतारावर केबल सैल पडली.
इथेलनं वेल्शमध्ये जे म्हटलं
ते आई असती तर साबणानं धुतलं असतं.
रस्त्याकडेला थांबून दीड फेरा आवळला,
पुन्हा निघालो.

क्रिमिया खिंडीच्या तिसऱ्या वळणावर
मेंढी उभी, मधोमध, रवंथ करत.
इथेलनं अंगठा दाबला, गाडी शहाण्यासारखी मंदावली,
आणि त्याच वेळी
मागचा दिवा लागला.

लाल.
विझला. पुन्हा लागला, मिणमिणता.

दिवा पेडलचा. पेडलवर तोच पाय,
ज्याच्याखाली काय आहे हे त्याला कळत नाही,
जो काही जोडलेलं नसलेलं लोखंड
दाबत होता, जुन्या सवयीनं,
कुणाला न सांगता.

आमची गाडी इंचात बोलते. मी मनात हिशेब केला:
मार्चपासून दोनशे दहा दिवस.
सव्वाआठ इंच.

हॉर्नवर हात गेला होता. मागे घेतला.
रस्त्याच्या खाचेनंही हलला असेल पाय,
उगाच आशा लावून ठेवायची नाही.
मेंढी बाजूला झाली, तो पुढे निघाला,
मी मागे, अंतर राखून,
पुढच्या वळणाची वाट बघत.

मंगळवारी तार हलवली नाही.
बुधवारीही नाही.