शनिवारची

कुमासीत माणसं मरतात कुठल्याही वारी,
पुरली जातात शनिवारी.
म्हणून माझा धंदा शनिवारचा.
आणि माझी लेक जन्मली तीही शनिवारीच.
इथल्या रिवाजाने तिचं नाव
आधीच ठरून बसलेलं: आमा.
सासूबाई बारशाला म्हणाल्या होत्या,
एक वार दोघींना कसा पुरायचा?

पहाटे साडेचारला मी बॅटऱ्या चाचपते.
रात्री वीज गेली होती,
तीन भरल्यात, चौथी अर्धीच.
बोआची अंधारात डबा भरतो,
केंकी, तळलेला मासा, मिरचीची चटणी वेगळी.
तो शाळेत गणित शिकवतो.
पहिली दोन वर्षं घराचं भाडं
त्याच्या पगारातून गेलं.
हे तो कधी बोलून दाखवत नाही,
वहीत लिहून ठेवतो.

निघताना मी आमाला दारात उभी करते.
थांब गं, उजेड बघू दे.
एक फोटो. हार्मट्टनची धूळ असली
तर दोन.
की ती आत पळते
आणि मी पिशव्या सावरत ट्रोट्रोच्या थांब्यावर.

मग दिवसभर लाल-काळी वस्त्रं,
शामियान्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या,
भिंतीएवढे कर्णे,
कुणी किती सेदी आहेर दिला
त्याचा माइकवरून पुकारा.
मी लोकांच्या लेकी उंचीप्रमाणे लावते,
लोकांची नातवंडं हसवते, मग
हसू नका म्हणून सांगते.
मावशी, हनुवटी जराशी वर.
रडणाऱ्या बाईपुढे गुडघ्यावर बसले असताना
मनात चाललेलं असतं:
ही मंडळी अल्बम घेतील,
का नुसता पेनड्राइव्ह?
लाज वाटते.
हात मात्र हलत नाही.

दुपारी खिशात फोन थरथरतो.
आमाचा दात पडला. कधी येतेस?
मी लिहिते, नंतर.
हा शब्द आमच्या घरात
वापरून वापरून
साबणाच्या उरल्या चिपेएवढा झालाय,
हातातून सटकतो,
फेसही येत नाही.

परवा अजेमांगांच्या थोरल्याचा फोन आला.
बाई, फोटो उत्तम.
पण आमच्या मामांच्या अंत्यविधीत
ही झोपेच्या कपड्यातली पोर कोण?
आम्ही तीन पिढ्यांत शोधली.

मी माफी मागितली, पैसे कमी केले नाहीत,
आणि रात्री सगळ्या डिस्का काढून बसले.
एकशे त्रेचाळीस शनिवार.
एकशे त्रेचाळीस मेलेली माणसं,
प्रत्येकाच्या आधी
माझी मुलगी.
चड्डीतली, तोंडात ब्रश.
शाळेच्या नव्या गणवेशात, बटणं वर-खाली लागलेली.
कांजिण्यांच्या ठिपक्यांत.
(त्या दिवशी मी गेले होते?
गेले होते. तारीख आहे.)
दात असलेली, दात नसलेली,
केस गुंफलेली, अर्धेच गुंफलेली,
कारण गुंफणारी निघाली होती.
कुठे हसरी, पुढेपुढे नुसती उभी,
ओळखपत्रासाठी उभं राहतात तशी.
एकही फोटो मी तिचा म्हणून काढला नव्हता.
मी उजेड मोजत होते.

शेवटी गेल्या शनिवारची फाइल उघडली.
पहिल्या फ्रेममध्ये दाराची चौकट,
हललेला पडदा,
आणि खालच्या कोपऱ्यात
पळत्या टाचेचा धूसर तांबूस डाग.
उजेड अगदी बरोबर मोजला गेला होता.
त्या दिवशीचे सगळे फोटो स्वच्छ आले,
पैसेही पूर्ण मिळाले,
बोआचीने वहीत आकडा चढवला.
टाच कुठल्या रकान्यात लिहायची
ते त्याला विचारणार होते,
पण तो झोपला होता, वही उशाशी,
आणि आमा त्याच्या दंडावर डोकं ठेवून
भिंतीकडे तोंड करून.