आवतन

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा
मी सेलूच्या स्टेशन रोडला गिरणीत रांगेत होते.
फोनच्या काचेवर ज्वारीचं पीठ,
ते ओढणीनं पुसून पुन्हा वाचला.
एकवीस देश. बायांचे चौतीस गट. शांततेचं काम.
समन्वयक : मी.

माय म्हणाली, म्हंजे नेमकं काय करायलीस?
म्हटलं, सगळ्याजणींना बोलवायचं, वेळ ठरवायची,
कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं.
"मंग आवतनच की गं."

चाळीस वर्षं आवतनं देत फिरली माझी माय.
बारसं, डोहाळे, हळदीकुंकू.
शंभर उंबऱ्यांवर हाक,
आणि स्वतः उंबऱ्याच्या अलीकडं.
सुपात पसाभर ज्वारी पडायची, कधी तीही राहायची.

आता रात्री अकराला वरच्या खोलीत
इन्व्हर्टरच्या भरवशावर मी बसते.
बोगोट्यात जेवणवेळ, सुवात कोंबडं आरवायचंय.
आधीची इल्झे दीडशे पानांचं टिपण ठेवून गेलीय.
शेवटी एक यादी :
कुणाला कुणानंतर लगेच बोलू देऊ नये.

पहिल्याच बैठकीत यादीतल्या दोघी गप्प झाल्या.
सीमेच्या दोन बाजूंच्या.
मधली नदी एकच, नावं दोन,
आणि इतिवृत्तात कुठलं लिहू
हे मला इंग्रजीतही सुचेना, मराठीतही नाही.
कर्सर लुकलुकत राहिला.
मग लाइट गेली. खरं सांगते, बरं वाटलं.

सकाळी माय अंबाडी निवडत होती.
विचारलं, वालूरकरांचं आणि कासटांचं
नालीवरून चौदा वर्षं वाकडं,
तू आधी कुणाकडं जायचीस?
"जिथं दार उशिरा उघडतंय तिथं."
आणि दुसरीला कळलं तर?
"कळतंयच. आपण म्हणावं,
माय, पाय भरून आले, तांब्याभर पाणी दे.
पाणी आणायला गेली की
तेवढा वेळ तरी भांडत न्हाई बाई."

तुला द्यायच्या पाणी?
माय देठं मोडत राहिली.
"वरून ओतायच्या. ओंजळीत."

थोड्या वेळानं म्हटलं,
मग बोलल्या का त्या एकमेकींशी शेवटी?
"कुठल्या! पण यायच्या दोघीबी.
एकाच सतरंजीवर, दोन टोकाला.
एक घर चुकू द्यायचं न्हाई, एवढंच आपलं काम."

इतिवृत्तात नदीची दोन्ही नावं लिहिली.
कुठलं आधी, यासाठी रुपया उडवला,
आणि पुढच्या खेपेला उलटं लिहायचं
हे कॅलेंडरच्या मागं नोंदवून ठेवलं.

आज बैठकीच्या तासभर आधी
जी कधीच लवकर उचलत नाही तिला फोन लावलाय.
काय मागावं तिच्याकडं, अजून ठरत नाही.
इतक्या लांबून पाणी कसं मागणार?
चौथी रिंग. पाचवी.
पलीकडं कुत्रं भुंकतंय,
मग काहीतरी सरकल्याचा आवाज,
कडीसारखा.