तांदळाच्या वखारीत

दिवसाला अकराशे पोती मोजतो मी,
एकेक चाळीस किलोचं.
सोहारच्या या वखारीत भुवयांवरसुद्धा
तांदळाचीच पूड बसते.
आणि डॉक्टर शीजा म्हणाल्या,
भात बंद.

तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक चार.
कागद माझ्याकडे फिरवून
त्यांनी आकड्याभोवती गोल केला,
चुकलेल्या गणिताला मास्तर करतात तसा.
भात, खुबूस, बटाटा, चहातले तीन चमचे.
मग उरलं काय, मी विचारलं.
समुद्र आहे की समोर, त्या म्हणाल्या.

पहिला आठवडा डोकं ठणकत होतं.
खोलीतल्या परकारवर उगाच खेकसायचो,
तो बिचारा भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला.
पण पाठीने वास अडतो थोडाच?

रात्री दोनला कोपऱ्यावरच्या अफगाण भट्टीत
पहिला खुबूस फुगायचा
आणि तीन गल्ल्या ओलांडून
थेट माझ्या उशाशी येऊन बसायचा.
भूक नव्हती ती. पोट भरलेलंच असायचं.
जीभच फक्त, जत्रेतल्या पोरासारखी,
बोट धरून ओढत राहायची.

परकारनेच एकदा घड्याळ लावलं.
वीस मिनिटं थांब, म्हणाला,
नंतरही हवा वाटला तर मी स्वतः आणून देतो.
लबनात मीठ-जिरं घालून प्यालो,
खाली उतरलो, दिव्यांचे खांब मोजत चाललो.
एकोणीस मिनिटांनी
कशासाठी उतरलो होतो तेच आठवेना.

नेहमी असं होतं असं नाही.
एका गुरुवारी चाळीस मिनिटं चाललो
आणि भट्टीपाशीच पोचलो.
दोन खाल्ले. उभ्यानेच, कोरडे.
परकारला अजून सांगितलेलं नाही.

आमचा फोरमन खलफान. त्याच्या भाषेत प नाही,
म्हणून मी गेली चौदा वर्षं बेडणेकर.
बेडणेकर, कहवा! म्हणत खजुरांची थाळी पुढे करतो,
आणि नाही म्हणणं त्याच्या अंगणात बसत नाही.
एकच उचलतो. अर्धा तोंडात,
अर्धा हळूच शर्टाच्या खिशात.

तळपायातल्या मुंग्या गेल्या,
त्या आता खिशाला लागतात.

दुपारी जेवणानंतर पोत्यांना टेकून
जी गुंगी यायची, ती येत नाही.
पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं, आतल्या बाजूला.
आणि सुरमईचं कालवण परवा
वाटीने प्यालो, भाताशिवाय.
बावन्न वर्षांत पहिल्यांदा कळलं
तिरफळ जिभेवर नेमकं कुठे लागतं ते.
भात नेहमी मध्येच बोलायचा.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
बोटाच्या थेंबावरून माझी.
काल सात पूर्णांक एक.
डॉक्टरांनी गोल केला नाही,
एक गोळी अर्धी केली, आणि पुढच्याला हाक मारली.

रात्री फोनवर कुमुद.
चित्रात ती, मागे ओटा,
आणि ओट्यावर ताट पालथं घातलेलं पातेलं.
हल्ली मी फोन केला की झाकते.
भातासाठीच तर आलो होतो इथे,
गावात दोन मळे पाण्याखाली नि हाताला काम नाही तेव्हा.
दर महिन्याला पाठवतो, त्यातलाच तो शिजतो,
आणि माझ्यापासून लपवला जातो,
एखादी वाईट बातमी लपवावी तसा.

जेवलात का, तिने विचारलं.
म्हटलं, जेवलो. मासा, भाजी, दोन अंडी.
तू वाढून घे. ते ताट काढ.
नको हो, ती म्हणाली.
काढ, बघू दे.

तिने काढलं.
वाफ आली आणि सगळी काच धुरकट झाली,
ती दिसेना, पातेलं दिसेना.
अहो, आहात ना, ती विचारत होती.
मी होतो.
घड्याळात बघत होतो.