खिडकी चार

आशीनगर झोन, खिडकी चार. कूलरच्या वाऱ्यानं
फॉर्म उडू नये म्हणून मी त्यावर शिक्का ठेवते.
समोर उत्पला गजभिये, हातात डागा हॉस्पिटलची चिठ्ठी,
छातीशी सतरा दिवसांची पोट्टी,
नावाच्या रकान्यात: उऽरोशा.

"हे काय नाव झालं बाप्पा? अर्थ का याचा?"
मागच्या टेबलावरून मोटघरे.
ती हसते. "उत्पलातला उ, रोशनमधलं रोश,
शेवटचा आ असाच. तोंड उघडं राहावं म्हणून."

मेम्फिसला दोन वर्षं शिकली ती.
खोलीत सोबत डाऽनेसा, आईनं घरीच जुळवलेली:
बापाच्या डॅरिलमधला ड, आजीच्या व्हनेसाचं शेपूट.
मधल्या खुणेवर, ती सांगायची, श्वास घ्यायचा.
तिलाही सगळे अर्थ विचारत.
नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नसत.
तिच्या पणजीच्या पणजीचं नाव मालकाच्या वहीत होतं,
एका खेचराच्या खाली, किमतीसकट.
मालकानंच ठेवलेलं. चांगलं होतं म्हणे, बायबलातलं.

मी काही बोलले नाही.
मागच्या उन्हाळ्यात जुनी रजिस्टरं स्कॅन करताना
एकोणीसशे एकतीसच्या पानावर मला आजा सापडला.
उकंडू.
वाळवीनं जातीचा रकाना अर्धा खाल्लेला, नाव सोडलेलं.
मृत्यूनं नाक मुरडून पुढं जावं म्हणून ठेवत, आई सांगे.
असेल. पण मालगुजाराच्या ओट्यावरून हाक यायची
तेव्हा मृत्यू कुठं होता तिथं?
त्या नावाला अर्थ होता, मोटघरे.
पुरेपूर होता.

छप्पन साली आज्याच्या खांद्यावर बसून
दीक्षाभूमीवर गेला तो धोंड्या,
परतला तो शीलरत्न, माझा बाप.
नवं नाव पाठ होईस्तोवर, म्हणे, रस्ता संपला.

संगणक नाव घेत नाही. लाल अक्षरं: अवैध चिन्ह.
"काढून टाका ना ते. उरोशा. काय बिघडते?"
उत्पला पोरीकडं बघते, माझ्याकडं नाही.

मी संगणकात उरोशा टाकते, नाइलाज.
मग मोठं रजिस्टर ओढते, जिथं अजून शाई चालते,
आणि उ झाल्यावर, रो सुरू करायच्या आधी
पेन उचलून, सावकाश,
ऽ

"एकदा हाक मारून दाखव," मी म्हणते,
"बरोबर लिहिलं का बघू."

ती मारते.
पोट्टी झोपलेलीच.
मोटघरेंनी मात्र मान वर केली.