मराठी तीस

सरळ जाताना गाडी गप्प.
डावीकडे वळतानाही गप्प.
फक्त उजवीकडे, तेही स्टिअरिंग पुरतं वळवलं
की खालून कुठून तरी
कट् कट् कट् कट्.

आधी वाटलं, डिकीत नारळ असेल.
होताही एक, शेंडी सुटलेला, चतुर्थीचा.
काढला, चटणी केली. आवाज राहिला.
मग जॅक, मग छत्री, मग सीटखालचा
कुणाच्या तरी डब्यातला चमचा.
एकेक वस्तू घरात आली
आणि रिकामी गाडी
आणखीच स्पष्ट बोलू लागली.

एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला आम्ही बहिणींनी
शनिपाराजवळ, दुसऱ्या मजल्यावर.
जिन्यातूनच मला कळायचं
कुणाची करंगळी आळशी आहे,
कोण चुकून घाबरून थांबलंय.
म्हणून घड्याळ घेऊन बसले
आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये
घातल्या उजव्या घिरट्या.
वॉचमन खुर्ची उचलून जिन्यात गेला.
पहिल्या गिअरला मराठी तीस.
जरा पाय दाबला तर मराठी चाळीस,
चूक एकही नाही.

मग आठ दिवस मी उजवीकडे वळलेच नाही.
तीन डावी म्हणजे एक उजवं,
हा हिशोब पुण्यात बरा जमतो,
पेट्रोल जातं, पण दूधवाल्यांच्या, इस्त्रीवाल्यांच्या
किती गल्ल्या दिसतात.
एक सहकारनगर तेवढं राहिलं.
सातारा रस्त्यावरून तिथे
उजवीकडेच वळावं लागतं.
पण वसूकडे मी
तशीही मार्चपासून गेले नव्हते.
बावीस मशीनं तिने
जुन्या बाजारात किलोवर घातली,
मला न विचारता.

नाना पेठेत दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
‘आवाज काढून दाखवा, बाई.’
तोंडाने काढला. घोड्यासारखा झाला.
मग पर्स खाली ठेवली
आणि बॉनेटवर
दहाही बोटांनी वाजवून दाखवला.
झुबेर नावाचं पोरगं पान्यासकट हसलं.
मिस्त्री हसले नाहीत.
‘घूं घूं नाही ना? मग बेअरिंग नाही.
कुठल्या बाजूला वळताना?’
‘उजव्या.’
ते उठले आणि डाव्या चाकाशी जाऊन बसले.
‘अहो, उजव्या,’ मी म्हटलं.
‘ऐकलं मी.
वळण उजवं, दुखणं डाव्याचं.
वळताना भार बाहेरच्यावर येतो.’

बॅटरीच्या उजेडात त्यांनी दाखवलं:
रबरी टोपी उभी फाटलेली,
चाकाच्या आतल्या अंगाला
ग्रीस उडून बसलेलं, काळं, जुन्या काजळासारखं.
‘वंगण बाहेर गेलं, धूळ आत आली.
आता छर्रे कोरडेच घासतात.’
‘कधी फाटलं असेल?’
त्यांनी बोटावर ग्रीस चोळून पाहिलं, वासही घेतला.
‘होळीच्या आगेमागे म्हणा.
फाटताना आवाज नाही करत हे.
तेव्हा आणली असती
तर नुसत्या टोपीवर भागलं असतं.’

चार दुकानं सोडून झुबेर नवा जॉइंट घेऊन आला.
मी स्टुलावर बसून चहा घेतला,
बिल बघून दुसरा मागवला नाही.
जुना जॉइंट त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिला,
‘नाहीतर लोक म्हणतात, बदललाच नाही.’
चांगला जड होता. शेजारच्या सीटवर ठेवला.
वळणावर तो घरंगळला, दाराला थडकला,
आणि मी उगाच दचकले.

बाकी काही नाही. पूर्ण शांत.
इतकी, की मला वाटलं, मलाच ऐकू येईना.

सातारा रस्त्यावर सिग्नलला
उजवा इंडिकेटर लावला.
टिक् टिक् टिक् टिक्.
साठच्या वर असेल. शिकाऊ हाताचा नव्हे.
वसूचा वेग साठचा होता,
आणि मान वर न करता.

मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हात काढेना.
सिग्नल केव्हाचा हिरवा होता.