चार अक्षरं

भिंतींना कान असतात म्हणे.
माझ्या गोशीवोनच्या भिंती म्हणजे नुसते कानच.
बोटभर प्लायवूड, वर फुलाफुलांचा कागद.
तेवीस खोल्या. खिडकी हवी तर भाडं जास्त,
नको तर कमी.
बहुतेकांना नको असते.

चार अक्षरं शिकली की पोर मार्गाला लागतं,
असं माझी आई म्हणायची, मोक्पोच्या बंदरावर मासे निवडताना.
ही पोरं तर ढिगानं शिकली,
आणि नोरयांगजिनच्या या चढावर येऊन
तिसऱ्यांदा, पाचव्यांदा त्याच परीक्षेला बसतात.
शाईचे डाग उशीच्या अभ्र्यावर. धुते मी, जात नाहीत.

यंदा ह्येरिमनं, ३११ वाली,
प्रत्येक दारावर चार अक्षरं चिकटवली.
पिवळी चिठ्ठी. स्वभावाची चाचणी.
पहिलं अक्षर आय असेल तर माणूस आतला,
ई असेल तर बाहेरचा.
पुढची तीन तिनं दोनदा समजावली,
माझ्या डोक्यावरून गेली.
"पेपर जवळ आला की कोण कसं वागेल
हे आधीच कळतं, मावशी."

माझीही घेतली चाचणी, भाताच्या कुकरपाशी उभी करून.
मन थाऱ्यावर नसताना तुम्ही काय करता?
अ) एकट्या बसता. ब) कुणाशी तरी बोलता.
तांदूळ धुते, म्हटलं.
हा पर्याय नाही, म्हणाली.

तर ३०४ चा चानग्यू आतला ठरला.
त्याच्याशी कुणी बोलेना. त्याला शांतता लागते.
मी त्याची वाटी मोजत राहिले:
सोमवारी धुतलेली, मंगळवारी धुतलेली,
बुधवारी कोरडी.
बुधवारी मी दार वाजवलं.
"दाढ दुखतेय," तो म्हणाला. एवढंच होतं.

आणि ३०७ चा तेउक, पोलीस भरतीचा,
त्याच्या दारावर मोठ्ठा ई.
जिन्यात त्याचं हसू आधी पोचायचं, मागून तो.
कुणाचा निकाल बुडाला की कप-भात घेऊन हजर,
रडणाऱ्याच्या पाठीवर थाप, वर एक विनोद.
त्याची वाटी मी कधी मोजली नाही.

परीक्षेला नऊ दिवस. रात्रीचे अडीच.
खाली धुलाईचं यंत्र चालू होतं.
एवढ्या रात्री मनाई आहे, पाटी लावलीय मी,
म्हणून उतरले, चपला हातात घेऊन.
यंत्रासमोर जमिनीवर तेउक.
आत पाणी, फेस,
कपडा एकही नाही.
रिकामं गरगरत होतं
आणि तो बघत होता, जसं कुणी मॅच बघतं.

मी जिन्यातच थांबले.
काय बोलणार? मला बोलता येत नाही,
मला भात लावता येतो.

मग वरून चानग्यू आला, गाल सुजलेला.
माझ्या बाजूनं निसटून खाली गेला.
काय झालं, विचारलं नाही.
यंत्र थांबेपर्यंत शेजारी बसला.
थांबल्यावर अंगातला स्वेटर काढून आत टाकला,
एकच, हिरवा,
नाणं घातलं, बटण दाबलं.
आता दोघं बघायला लागले.
हिरवा वर येतो, फेसात जातो, वर येतो.
मध्येच तेउक काहीतरी बोलला,
यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.
माझ्या घरात पहिल्यांदाच
मला काही ऐकू आलं नाही.

सकाळी तेवीस जणांचे तांदूळ घेतले,
वर एक मूठ. उगाच.
स्वेटर आटून लहान मुलाचा झालेला,
दोरीवर वाळत होता.
३०७ वरची चिठ्ठी वाफेनं सुटून खाली पडलेली.
उचलली. कुठल्या बाजूनं वाचायची तेच कळेना.
ॲप्रनच्या खिशात टाकली
आणि दार वाजवलं.